रक्तांतील पूर्वरूप

आयुर्वेदाच्या ग्रंथांत रोगाचा विचार एका ठराविक क्रमानें केलेला आढळतो. प्रथम निदान, म्हणजे रोगाचें कारण; मग पूर्वरूप; मग रूप. रोग उघड झाल्यावर जीं लक्षणें दिसतात तें रूप. तो अद्याप प्रकट झालेला नसतां त्याच्या येण्याची वर्दी देणारीं जीं चिन्हें, तें पूर्वरूप. चरकसंहितेच्या निदानस्थानांत प्रमेहाचीं पूर्वरूपें सांगितलीं आहेत. तोंडाला गोडी येणें, हातापायांची आग होणें व ते बधिर होणें, घशाला कोरड पडणें, आळस भरणें, आणि ह्या सर्वांबरोबर मनुष्याच्या अंगाकडे व मूत्राकडे मुंग्या धांव घेऊं लागणें. सुश्रुतानें त्याच रोगाचे दोन प्रकार केले आहेत: एक जन्मतः आलेला, दुसरा अपथ्यानें ओढवून घेतलेला, पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. आमच्या पूर्वजांना सगळेंच ठाऊक होतें असा सूर काढण्याचा आमचा हेतु नाहीं. रक्तांतील साखर शंभर घनसेंटिमीटरांत सुमारें १८० मिलिग्रॅमच्या वर चढल्याखेरीज ती सहसा मूत्रांत उतरत नाहीं. तेव्हां मुंग्या जमूं लागत त्या वेळीं रोग दारांत उभा नसून माजघरांत येऊन बसलेला असे. तरीहि रोगाला रूपाच्या आधीं पूर्वरूप असतें व शहाण्यानें तें ओळखावें, ही दृष्टि फार मोलाची होती. गेल्या पाऊणशें वर्षांत वैद्यकानें हें पूर्वरूप मुंग्यांच्या कितीतरी अगोदर, थेट रक्तांत, वाचावयास शिकून घेतलें आहे. त्याचीच हकीकत आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

सातारा व सांगली हे दोन जिल्हे मुळांत एकाच घरचे. १९४९ सालीं दक्षिण सातारा म्हणून वांटणी झाली आणि १९६० पासून त्या वांट्याला सांगली हें नांव मिळालें. कृष्णाकांठ दोहोंचा समाईक राहिला, आणि ऊसहि. भुईंज, रेठरे बुद्रुक, साखराळे, सांगली अशी कारखान्यांची रांगच ह्या खोऱ्यांत लागलेली आहे. येथल्या शेतकऱ्यास तोडणीपूर्वीं उसांतील साखर मोजण्याची गोष्ट नवी नाहीं. कांड्यांतील रसाचा थेंब कांचेवर घेऊन 'ब्रिक्स' पाहिला जातो. ऊस बाहेरून कसा दिसतो ह्यावर कोणी विसंबत नाहीं. मनुष्याच्या बाबतींत मात्र आपण अजून बाहेरूनच पाहतों. पोट सुटलेला तो रोगाचा धनी, आणि काटक अंगाचा तो निर्धास्त, असा आपला ठोकताळा आहे. हा ठोकताळा आपल्या लोकांच्या शरीराला लागू पडत नाहीं, हें पुण्यांतील संशोधकांनीं दाखवून दिलें आहे. त्याकडे पुढें येऊंच.

तपासणीची सोय म्हणाल तर ती आतां दुर्मिळ राहिली नाहीं. सकाळीं उपाशीं पोटीं चमचाभर रक्त दिलें कीं सायंकाळपर्यंत साखरेचे व स्नेहाचे आंकडे छापील कागदावर घरीं येतात. मिरजेस डॉ. वानलेस ह्यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उघडलें तेव्हांपासून दूरदूरचे रोगी त्या गांवीं येत आले. आज सातारा, कराड, सांगली येथेंहि रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळा पेठेपेठेंत आहेत. परंतु कागद घरीं आल्यावर काय होतें? एकहि आंकडा ठळक अक्षरांत नसला तर तो कपाटांत जातो. असला तर दोन दिवस चर्चा होते, चहांतली साखर अर्धी होते, आणि चतुर्थीचे मोदक ताटांत पडले कीं विषय मिटतो. शिवाय हा कागद बहुधा वडील मंडळींचाच असतो. घरांतील सडपातळ मुलगा, दिवसभर ओट्याशीं उभी असलेली सून, कॉलेजांत जाणारी नात ह्यांचें रक्त तपासावें असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. आमच्या मतें पहिल्या चुकीपेक्षां ही दुसरी चूक अधिक महाग पडते.

एखादा आंकडा उद्यांचा रोग सांगतो, हें ठरलें कसें? ह्याची रीत सोपी, पण चिकाटीची आहे. धडधाकट माणसें घ्यावयाचीं, त्यांचीं मोजमापें लिहून ठेवावयाचीं, आणि मग वर्षानुवर्षें थांबून त्यांतून कोण आजारी पडतो तें पाहावयाचें. १९४८ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत फ्रॅमिंगहॅम नांवाच्या गांवीं असें काम सुरू झालें. गांव अठ्ठावीस हजार वस्तीचें, म्हणजे आजच्या तासगांवाहून मोठें नव्हे. त्यांतील ३० ते ६२ वर्षांच्या ५,२०९ स्त्रीपुरुषांनीं दर दोन वर्षांनीं तपासून घेण्याचें कबूल केलें. पुढें १९७१ मध्यें त्यांचीं मुलें व २००२ मध्यें नातवंडें त्या नोंदींत आलीं. वयाबरोबर रक्तदाब वाढावयाचाच, अशी त्या काळीं अनेक डॉक्टरांचीहि समजूत होती. त्या एका गांवच्या वह्यांनीं ती मोडून काढली, आणि १९६१ सालीं तेथील संशोधकांच्या लेखामुळें 'जोखमीचा घटक' हा शब्दप्रयोग वैद्यकांत रूढ झाला. उपकार मोठे; पण ते गांवकरी बहुतेक सारे युरोपीय वंशाचे होते. त्यांच्या अंगाला बेतून शिवलेला अंगरखा आपल्याला जसाच्या तसा बसेल असें मानणें बरोबर नव्हतें, आणि तो बसलाहि नाहीं.

आतां साखर व स्नेह ह्यांची जोडी कां घालावयाची, तें पाहूं. सामान्य समजूत अशी कीं साखर वाढली तर मधुमेह, चरबी वाढली तर हृदयरोग. दोन रोग, दोन डॉक्टर, दोन पथ्यें. शरीर अशी वांटणी मानीत नाहीं. स्वादुपिंडांतून निघणारें इन्सुलीन (तें वेगळें काढण्याचा प्रयोग १९२१ सालीं कॅनडांत टोरोंटो येथें यशस्वी झाला) हें एकत्र कुटुंबांतील कोठीघर सांभाळणाऱ्या वडीलधाऱ्या बाईसारखें आहे. जेवण झालें कीं तिचे हुकूम सुटतात. आलेली साखर स्नायूंत व यकृतांत भरून ठेवा; चरबीच्या बरण्यांतून आतां कांहीं काढूं नका; यकृतानें नवी साखर करूं नये. पुढें पुढें हे हुकूम कोणी मनावर घेईनासें होतें. मग बाई आवाज चढविते, म्हणजे स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलीन ओततें, आणि घर आणखी कांहीं वर्षें बरें चालल्यासारखें दिसतें. ह्या काळांत उपाशीपोटींची साखर पुष्कळदां निर्दोष भरते. परंतु चरबीच्या बरण्या आज्ञेवांचून उघडल्या जात असतात. त्यांतून निघालेला स्नेह यकृताकडे लोटतो. यकृत त्याचें ट्रायग्लिसराइड बनवून रक्तांत सोडतें. आणि तें वाढलें कीं एच.डी.एल., ज्यास लोक चांगलें कोलेस्टेरॉल म्हणतात, तें घटतें. म्हणून साखर अद्याप गप्प असतांना स्नेहाचा आंकडा बोलूं लागतो. शेवटीं स्वादुपिंड थकतें, आणि मग साखर चढते. मधुमेहाचें निदान त्या दिवशीं होतें इतकेंच.

कागद हातीं असलेल्या वाचकास प्रथम मर्यादा हव्या असतात. उपाशीपोटींची साखर १०० च्या आंत असावी. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. १२६ वा अधिक, आणि तीहि दोन वेळां आढळली, तर मधुमेह. जागतिक आरोग्य संघटना उंबरठा ११० पासून धरते, त्यामुळें दोन डॉक्टरांच्या बोलण्यांत फरक पडला तर गोंधळून जाऊं नये. एच.बी.ए.वन.सी. हा आंकडा रक्तकणांना चिकटलेल्या साखरेचा असून तो गेल्या सुमारें तीन महिन्यांची सरासरी सांगतो, ५.७ च्या आंत ठीक, ६.४ पर्यंत उंबरठा, ६.५ पासून रोग. ट्रायग्लिसराइड १५० च्या आंत, आणि एच.डी.एल. पुरुषांत ४० च्या व स्त्रियांत ५० च्या वर हवें. ह्यांच्या जोडीस शिंप्याची टेप घेऊन कंबर मोजावी. आपल्या लोकांसाठीं ती पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ह्यांच्या आंत असावी असें ठरलें आहे. युरोपांतील पुरुषांना ९४ पर्यंत सवलत आहे. आपल्याला ती कां नाहीं, हें पुढील मजकुरावरून कळेल.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २००८ पासून २०२० पर्यंत देशाच्या सर्व राज्यांत मिळून एक लाखाहून अधिक प्रौढांची तपासणी केली. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें शेंकडा ११.४ प्रौढांना मधुमेह असून १५.३ उंबरठ्यावर आहेत. ह्याच मोहिमेंतील स्नेहाचे आंकडे २०१४ सालीं निराळे प्रसिद्ध झाले होते. महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड व चंदीगड ह्या भागांतले ते होते. त्यांत एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले लोक शेंकडा १३.९ निघाले, ट्रायग्लिसराइड वाढलेले २९.५, आणि एच.डी.एल. कमी असलेले तब्बल ७२.३. ह्याचा अर्थ घरगुती भाषेंत असा कीं आपण कागदावरील पहिल्या ओळींत 'कोलेस्टेरॉल १८०' वाचून हायसें वाटून घेतों, आणि आपल्या लोकांचें दुखणें बहुधा दोन ओळी खालीं छापलेलें असतें.

आतां पुण्याची हकीकत. १९९३ च्या सुमारास के.ई.एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांनीं पुण्याजवळचीं सहा खेडीं निवडून तेथील स्त्रियांचें गरोदरपणाआधींपासून मोजमाप ठेवण्यास प्रारंभ केला. नीरा ओलांडली कीं साताऱ्याचा मनुष्य पुणें जिल्ह्यांत पोंचतो. तेंच अन्न, तीच शेती, तेच लोक. तेव्हां त्या खेड्यांत जें आढळलें तें कोरेगांव वा विट्याच्या वाचकानें परकें समजूं नये. त्या स्त्रियांना झालेल्या बाळांचें सरासरी वजन २.७ किलो भरलें; इंग्लंडांत साउदम्पटन येथील बाळांचें ३.५ किलो. हें अपेक्षितच होतें. आश्चर्य पुढेंच होतें. बाळांचे हातपाय बारीक, पोटाचा घेर लहान, स्नायु थोडे. पण पाठीवरील कातडीखालची चरबी मात्र इंग्रज बाळांच्या मानानें फारशी घटलेली नव्हती. बाळ दिसावयास किरकोळ आणि आंतून चरबीला धरून! अशा बाळास ह्या संशोधकांनीं 'कृश-स्थूल' अशा अर्थाचें नांव दिलें.

प्रौढांत हीच गोष्ट कशी दिसते ह्याचें उदाहरण डॉ. याज्ञिक ह्यांनीं स्वतःच्याच देहावर दाखविलें. २००४ सालीं 'लॅन्सेट' ह्या इंग्रजी वैद्यकीय पत्रांत त्यांचें व लंडनच्या डॉ. जॉन युडकिन ह्यांचें छायाचित्र शेजारीं शेजारीं छापलें. उंचीशीं वजनाचें प्रमाण दोघांचें तंतोतंत सारखें, २२.३. शरीरांतील चरबी मात्र युडकिन ह्यांची शेंकडा ९.१ व याज्ञिक ह्यांची २१.२. पानभर मजकुरानें जें पटलें नसतें तें त्या एका चित्रानें जगाला पटलें. आपल्या घरांतला जो मुलगा 'अंगानें मुळींच नाहीं' म्हणून आजीकडून जास्तीचा लाडू मिळवितो, त्याच्या पोटांत यकृताभोवतीं काय साठलें आहे तें वजनाच्या कांट्याला कळत नाहीं. रक्ताला कळतें.

आणि तें किती आधीं कळतें, हें तर आम्हांस ह्या सर्व संशोधनांतील सर्वांत विचार करावयास लावणारें वाटतें. त्या सहा खेड्यांतील मुलांची तपासणी सहाव्या, बाराव्या व अठराव्या वर्षीं करण्यांत आली. अठराव्या वर्षीं मुलग्यांपैकीं शेंकडा ३७ व मुलींपैकीं १८ ह्यांची साखर निर्दोष नव्हती. आणि ह्या तरुणांचें उंचीशीं वजनाचें सरासरी प्रमाण २० च्याहि आंत होतें, म्हणजे कोणीहि त्यांस लठ्ठ म्हटलें नसतें. संशोधकांनीं जुन्या नोंदी उलटून पाहिल्या. ज्यांची उपाशीपोटींची साखर सहाव्या व बाराव्या वर्षीं इतरांहून थोडी वर होती, तींच मुलें अठराव्या वर्षीं अधिक करून ह्या गटांत आलेलीं होतीं. 'थोडी वर' हे शब्द नीट ध्यानांत घ्यावे. लहानपणींचे ते आंकडे रोगाचे तर नव्हतेच, बहुतेकांच्या बाबतींत कोणी डॉक्टरानें त्यांखालीं रेघहि ओढली नसती. आपण मर्यादेच्या अलीकडे व पलीकडे इतकेंच पाहतों. रक्त मात्र अलीकडच्या अंगणांतहि पायऱ्या मोजीत असतें.

मातेच्या आहाराचा ह्याशीं संबंध आहे, तो शाकाहारी घरांनीं विशेष पाहावा. ज्या मातांच्या रक्तांत गरोदरपणीं बी-१२ हें जीवनसत्त्व कमी आणि फोलेट अधिक होतें, त्यांचीं मुलें सहाव्या वर्षीं इन्सुलीनचा हुकूम कमी मानणारीं निघालीं, असें ह्याच गटानें २००८ सालीं प्रसिद्ध केलें. बी-१२ धान्यांत व भाज्यांत नसतें. शाकाहारी घराचा आधार दूध, दहीं व ताक एवढाच, आणि दुधाचा पेला घरांत कोणाकोणाच्या वांट्यास येतो हें सुनांना विचारावें.

साखर व स्नेह एकत्र वाचण्याची एक युक्ति २००८ सालीं मेक्सिकोंतील डॉक्टरांनीं सुचविली. उपाशीपोटींचें ट्रायग्लिसराइड व उपाशीपोटींची साखर ह्यांचा गुणाकार करावयाचा, त्याची निम्मी घ्यावयाची, आणि तिचा नैसर्गिक लॉगरिदम काढावयाचा. ट्रायग्लिसराइड ९० व साखर ८८ असेल तर उत्तर ८.२८ येतें, १८० व १०४ असेल तर ९.१४. दुसऱ्या मनुष्याचे दोन्ही आंकडे सुटे पाहिले तर 'किंचित जास्त' एवढाच शेरा मिळेल. एकत्र पाहिले तर कोठीघरांतील बेबंदशाही दिसते. हा खटाटोप कशासाठीं, असें वाचक विचारतील. इन्सुलीन कितपत मानलें जात आहे हें प्रत्यक्ष मोजणें खर्चाचें व किचकट आहे. हा गुणाकार शाळेंतला मुलगाहि करील आणि जुन्या कागदावरूनहि करतां येईल. भारतासह २२ देशांतील सुमारें १,४१,००० लोकांवर तेरा वर्षें नजर ठेवून केलेलें एक काम २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. ह्या गुणाकाराच्या वरच्या तृतीयांशांतील लोकांना खालच्या तृतीयांशाच्या मानानें मधुमेह सुमारें दुप्पट झाला, हृदयविकाराचा झटका व पक्षाघातहि कांहीं अंशीं अधिक झाले. मृत्यूशीं मात्र त्याचा तसा संबंध दिसला नाहीं. तेव्हां ह्या आंकड्याकडून त्याला सांगतां येतें तेवढेंच ऐकावें. शिवाय सर्वांनीं मान्य केलेली एक मर्यादा त्यास नाहीं. आपलाच आंकडा मागच्या वर्षाच्या आंकड्याशीं ताडून पाहण्यास तो अधिक उपयोगी.

आंकड्यांच्या भक्तांना येथें दोन शब्द सांगणें जरूर आहे. ट्रायग्लिसराइड मोठें चंचल असतें; लग्नाच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशीं वा तापांतून उठल्यावर काढलेल्या रक्तावरून कांहीं ठरवूं नये, महिन्या-दोन महिन्यांनीं पुन्हा पाहावें. एच.बी.ए.वन.सी. मध्यें निराळी मेख आहे. लोहाच्या कमतरतेनें पंडुरोग झाला असेल तर तो आंकडा खऱ्याहून अधिक दिसूं शकतो. आपल्या स्त्रियांत हा पंडुरोग किती आहे हें सर्वांस ठाऊक आहे, म्हणून तो एकटा पाहून घाबरूं नये व सोबत हिमोग्लोबिन पाहावें. आणि जोखीम म्हणजे निकाल नव्हे. शंभर माणसांपैकीं किती आजारी पडतील हें विज्ञान सांगूं शकतें. त्या शंभरांतले तुम्ही कोण, हें त्याला सांगतां येत नाहीं. कुंडली जुळविण्याची संवय असलेल्या आपल्या समाजांत रक्ताचा कागदहि कोणी वधूवरांच्या पत्रिकेस जोडूं लागेल, अशी आम्हांस कधीं कधीं धास्ती वाटते. पत्रिकेंत आणि ह्या कागदांत महत्त्वाचा फरक असा कीं कागदावरील ग्रह हलवितां येतात.

ते किती हलतात ह्याचेंहि मोजमाप झालें आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन ह्यांनीं उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांचे गट पाडून तीन वर्षें पाहिलें. हें काम २००६ सालीं प्रसिद्ध झालें. ज्यांना नेहमींचाच सल्ला दिला त्यांतील शेंकडा ५५ मधुमेही झाले. ज्यांच्याकडून चालणें व आहारांतील फेरफार नेटानें करून घेतला त्यांतील सुमारें ३९. फरक डोळे दिपविणारा नाहीं, हें आम्ही लपवीत नाहीं. पण शंभरांतील सोळा माणसें तीन वर्षांपुरतीं तरी वांचलीं, तीं कोणाच्या तरी घरचींच होतीं.

व्यायामाचा विषय निघाला म्हणजे आमच्या जिल्ह्याला दूर जावें लागत नाहीं. साताऱ्याच्या औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि ह्यांनीं आपल्या संस्थानच्या शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले आणि त्यांवर पुस्तकें लिहून तो व्यायाम परदेशापर्यंत पोंचविला. आकुंचन पावणारा स्नायु इन्सुलीनच्या हुकमाची वाट न पाहतां रक्तांतली साखर उचलतो, हें शास्त्र त्या वेळीं कोणास अवगत नव्हतें. आज तें पक्कें ठरलें आहे. ज्यांचे गुडघे नमस्काराला परवानगी देत नाहींत त्यांनीं जेवणानंतर पंधरा मिनिटें अंगणांत वा गच्चीवर फिरावें. जेवून लगेच आडवें होण्याची दुपारची प्रथा मात्र ह्या दृष्टीनें अगदीं उलट पडते.

आहारांत आपल्याकडे एक मजेदार घोटाळा आहे. कागदावर ट्रायग्लिसराइड वाढलेलें दिसलें, कीं त्याचें नांव चरबी म्हणून पहिला घाव तुपावर पडतो. वरणभातावरची धार जाते. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, चार वेळांचा गोड चहा, पांढरा पाव, साताऱ्याचे कंदी पेढे हें सारें शाबूत राहतें. वस्तुतः ट्रायग्लिसराइड वाढविण्यांत साखर, मैदा, साबुदाणा अशा पिठूळ पदार्थांचा व कोठें असल्यास मद्याचा हात मोठा असतो. यकृत जादा साखरेचेंच स्निग्ध द्रव्य करतें. तुपाचा दोष निराळा. तें अधिक झालें तर एल.डी.एल. वाढतें, आणि धमन्यांत चिकटणारें कोलेस्टेरॉल तें हेंच. त्याचा आंकडाहि कागदावर असतो व तोहि पाहावाच लागतो. पण गुन्हेगार एक आणि शिक्षा दुसऱ्याला, असें होऊं नये. एकादशीला दुप्पट खाणाऱ्या घरांत तर उपासाच्या दिवशींचें ताट हेंच आठवड्यांतलें सर्वांत पिठूळ ताट असतें. ताटांतला भात एक मूद कमी करून मोडाची उसळ एक वाटी वाढविणें, ही सुधारणा धर्मास व जिभेस दोघांनाहि पचण्यासारखी आहे.

आतां घराच्या वहीविषयीं. जमाखर्चाची वही ठेवणारें घर रक्ताची वही ठेवीत नाहीं ह्याचें आम्हांस नवल वाटतें. तीस वर्षांवरील प्रत्येकाच्या नांवें एक पान, त्यावर तारीख, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटींची साखर, ट्रायग्लिसराइड, एच.डी.एल. व एल.डी.एल. एवढें वर्षांतून एकदां लिहावें. आईवडिलांपैकीं कोणास मधुमेह असेल किंवा अकालीं हृदयविकार झाला असेल तर ज्या मुलाचें वजन मुळींच वाढत नाहीं त्याचेंहि पान विशीपासून उघडावें. दहा वर्षांच्या ओळी एकाखालीं एक पाहिल्या म्हणजे ९१ चे ९६ आणि ९६ चे १०३ कधीं झाले तें दिसतें. सुट्या कागदावर तें कधींच दिसत नाहीं.

ह्या वहींतील एक पान मात्र घर सोडून जातें, आणि नेमकें तेंच बहुधा कोरें राहतें. सरकारी मार्गदर्शक सूचनेप्रमाणें गरोदर स्त्रीची साखर पहिल्या तपासणीस एकदां आणि चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यांत पुन्हा एकदां पाहावयाची असते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यांतून द्यावयाचें, जेवण झालेलें असो वा नसो, आणि दोन तासांनीं रक्त पाहावयाचें; १४० वा अधिक आली तर गरोदरपणींचा मधुमेह. चोवीस ते अठ्ठावीस आठवडे म्हणजे सहावा संपून सातवा लागण्याचा काळ, आणि आपल्याकडे पहिलटकरीण माहेरीं निघते तीहि त्याच सुमारास. सांगलीच्या सासरीं वाटतें कीं आतां काय तें साताऱ्याचे डॉक्टर पाहतील. साताऱ्याच्या माहेरीं वाटतें कीं तपासण्या सांगलीला झाल्याच असतील. दोन्ही घरें मायेचीं, दोन्ही सुशिक्षित, आणि तपासणी दोहोंच्या मधल्या रस्त्यावर राहून जाते. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनीं हीच साखर पुन्हा पाहावयाची असते, तेव्हां बारशाची गडबड उरकून बाळंतिणीची परत सासरीं येण्याची तयारी चाललेली असते, आणि तीहि राहते. गरोदरपणीं साखर वाढलेल्या स्त्रीला पुढें कायमचा मधुमेह होण्याची जोखीम इतर मातांच्या सुमारें सातपट असल्याचें २००९ सालच्या एका मोठ्या आढाव्यांत दिसून आलें आहे; आणि पोटांत असतां वाढीव साखरेंत पोसलेल्या बाळाचीहि जोखीम वाढते. डोहाळजेवणाची ओटी भरतांना तिचें पान वहींतून उतरून तिच्या पिशवींत घालावें. त्यावर दोन रकाने आंखलेले असावे: एक सातव्या महिन्याचा, एक प्रसूतीनंतरच्या सहाव्या आठवड्याचा. ती परत आली म्हणजे सासूबाईंनीं बाळाचें वजन विचारण्याआधीं ते दोन रकाने भरले आहेत कीं नाहींत तें पाहावें, आणि साखर तेव्हां वाढलेली असेल तर पुढें दर वर्षीं तें पान उघडावें.